कॅप्टन घरी का जात नाही?

माझ्या भावाच्या नावानं येणारं टपाल गेली अकरा वर्षं मी फोडते. शेरगाझी माझा थोरला भाऊ. भूगोलाचा मास्तर होता, म्हणून आमचं सगळं कोचकोर गाव त्याला अजून ‘अगाय’ म्हणतं, आणि कॅप्टन एर्मेकच्या रहस्यकथा लिहायला लागल्यापासून उरलेला देशही म्हणतो. मी विधवा झाल्यावर त्याच्याकडे राहायला आले आणि हे टपाल माझ्या गळ्यात पडलं. दादाला वाचकांचं अक्षर लागत नाही. मला लागतं. औषधांच्या दुकानात तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्यावर माणसाला काहीही वाचता येतं.

बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आहेत माझ्याकडे. एकात वाचकांची पत्रं, दुसऱ्यात वर्तमानपत्रांची कात्रणं. वाचकांच्या डब्याचं झाकण कधीच लागत नाही. एका ट्रकवाल्यानं लिहिलं होतं, ‘अगाय, तेराव्या भागाची शेवटची आठ पानं उरली आणि राहवेना, म्हणून गाडी खिंडीतच उभी केली. मागं सतरा गाड्या खोळंबल्या. शिव्या द्यायला आले, मग त्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवली.’ तुरुंगातून एका कैद्यानं चूक काढली होती: आठव्या भागात तिजोरी जशी उघडते तशी ती उघडत नाही, अशी उघडते, सोबत आकृती.

कात्रणांचा डबा हलका, पण त्यातला माल झोंबरा. राजधानीच्या एका साप्ताहिकात तिलेक नावाचा एक समीक्षक आहे, तिशीचा, नाकानं कांदे सोलणारा. दर नव्या भागाला हा बाबा चाकू परजून तयार. त्यानं लिहिलं होतं, ‘कॅप्टनला आजवर नऊ गोळ्या लागल्या, दोनदा विष दिलं गेलं, एकदा कड्यावरून ढकललं गेलं. आता आरोग्य खात्यानंच या माणसाच्या प्रकृतीचं रहस्य शोधावं.’ मला हसू आलं. खोटं कशाला बोलू? माझा भाऊ फार मोठा लेखक नाही, हे मलाही कळतं. त्याच्या पुस्तकात पाऊस नेहमी ‘मुसळधार’ आणि बायका नेहमी ‘गूढ’.

भाषा वाईट आहे म्हटलेलं दादाला चालायचं. चोर लगेच ओळखता येतो म्हटलेलंही चालायचं. पण ‘हा कॅप्टन मरत का नाही’ असं कुणी विचारलं की तो दोन दिवस जेवायचा नाही.

कारण एर्मेक हे त्याच्या मुलाचं नाव.

पंधरा वर्षांपूर्वी आमचा एर्मेक सैबेरियात लाकूडतोडीला गेला. इथली कितीतरी पोरं जातात, तसाच. दोन पत्रं आली. मग त्याच्याबरोबरचा एक गडी परत आला आणि त्यानं सांगितलं, की गोठलेली नदी ओलांडताना बर्फ फुटला, ट्रॅक्टरसकट चौघं खाली गेले. बर्फ वितळल्यावर तिघं सापडले. एर्मेक सापडला नाही. एकोणीस वर्षांचा होता.

दादा तिकडे गेला, महिनाभर त्या नदीच्या काठानं चालला आणि परत येऊन दारातच म्हणाला, “प्रेत नाही तर मरण नाही. या घरात कुणी रडायचं नाही.”

त्याच वर्षी त्यानं पहिली कादंबरी लिहिली. मग दरवर्षी एक. पोरगं कॅप्टन झालं, चोरांच्या मागं धावलं, गोळ्या खाल्ल्या आणि प्रत्येक शेवटच्या पानावर जिवंत राहिलं.

आणि कुमुशवहिनी, म्हणजे त्याची आई, तशीच राहिली. आमच्यात माणूस गेला की अंगणात लोकरीच्या नमद्यांचा तंबू उभा राहतो. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याचं नाव घेऊन, जुळवून जुळवून गाऊन रडतात. बाहेर पुरुष काठीवर वाकून हंबरडा फोडतात. तीन दिवस. पुढं चाळिसावा दिवस, पुढं वर्षाचं जेवण, आणि मग कधीतरी आई पुन्हा रंगीत रुमाल बांधते. वहिनीला यातलं काही मिळालं नाही. ती ना सुतकात, ना सुतकाबाहेर. कुणाच्या लग्नात जायची नाही, आणि मयतीला तर त्याहून नाही. म्हणायची, “कालीपा, तिथं माझं तोंड उघडलं तर दुसऱ्याच्या पोराच्या जागी माझ्याच पोराचं नाव निघेल.”

गाणं तिचं तयार होतं. कणीक मळताना तिचे ओठ हलायचे. नाव जवळ आलं की गिळून टाकायची. दादाची पुस्तकं ती कधी वाचत नसे. नवीन प्रत आली की फक्त शेवटचं पान उघडायची, पाहायची आणि मिटवून ठेवायची. दर हिवाळ्यात एकदा ती दादाला म्हणायची, “आता तरी तंबू घालू या हो.” आणि दादा म्हणायचा, “कुणासाठी?” मी दोघांच्या मध्ये बसून चहा ओतायचे. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांसाठीही जीव तुटायचा.

मागच्या वर्षी तालासहून एका म्हातारीचं पत्र आलं. शाळेच्या वहीचा कागद, मोठं मोठं अक्षर. ‘अगाय, मी चौदाही भाग दोनदा वाचले. चोर कोण ते मला वीस पानांत कळतं, त्याचं काही नाही. मला एवढंच विचारायचंय. चौदा पुस्तकांत कॅप्टन एकदाही घरी गेला नाही. ईदला नाही, नवरोझला नाही. त्याला आई आहे, दुसऱ्या भागात तुम्हीच लिहिलंय. मग तो घरी का जात नाही? मुलगा वाईट आहे, की त्याला काही झालंय?’

हे पत्र मी डब्यात टाकायला हवं होतं. पण मला वाटलं, गंमत आहे, दादाला दाखवावी. त्यानं ते वाचलं, घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो लिहायला बसायचा आणि उठायचा. चूल पेटवायला कागद घेतले तेव्हा मला कळलं. वीस-बावीस कागद होते आणि प्रत्येकावर एकच ओळ: ‘कॅप्टननं घराचं दार ढकललं.’ पुढं काही नाही. दार ढकलल्यावर तो आईला काय म्हणेल, हे दादाला सुचत नव्हतं. त्याला एकोणीस वर्षांच्या पोराचा आवाज माहीत होता. चौतीस वर्षांच्या माणसाचा कुठून माहीत असणार?

शेवटी त्यानं पंधरावा भाग वेगळाच लिहिला. कॅप्टन एका तस्कराच्या मागं गोठलेल्या नदीवर गाडी घालतो, आणि बर्फ फुटतो. शेवटचं वाक्य: ‘बर्फावर एक टोपी राहिली.’

पुस्तक बाजारात आलं आणि आभाळ कोसळलं. पोस्टमन पत्रं पिशवीतून आणायचा तो पोत्यातून आणू लागला. एका मुलीनं लिहिलं, मी परीक्षेला बसले नाही. ट्रकवाल्यानं लिहिलं, गाडीवरचं कॅप्टनचं नाव पुसवत नाही आणि बघवतही नाही. एकानं धमकी दिली, ‘सोळाव्या भागात बाहेर काढा, नाहीतर पुस्तक जाळीन.’ खाली वेगळ्या शाईत: ‘जाळलं नाही. बायकोचं आहे.’ जी वर्तमानपत्रं ‘मरत का नाही’ म्हणून टिंगल करत होती, तीच आता ‘का मारलंत’ म्हणून छाती बडवू लागली. लोकांचं असंच असतं, चित भी त्यांची आणि पट भी त्यांची.

मग प्रकाशकाचा फोन आला. मी शेजारीच होते, त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“अगाय, प्रेत दाखवलं नाहीत हे फार हुशारीचं केलंत! प्रेत नाही म्हणजे मरण नाही. वाट मोकळी आहे. सोळावा घ्या लिहायला.”

दादाचा चेहरा मी पाहिला. फार दिवसांनी त्यावर रंग आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसला, कोरा कागद ओढला.

कुमुशवहिनी पीठ लागलेल्या हातानंच आत आली.

“मी शेवटचं पान वाचलंय,” ती म्हणाली.

“बरं मग?”

“पंधरा वर्षांनी तुम्ही एकदा खरं लिहिलंत. आता ते घरात पण म्हणा.”

“कादंबरी आहे ती, कुमुश.”

“मग मला कादंबरीतल्यासाठी रडू द्या. तेवढंही नाही चालणार?”

दादा म्हणाला, “लोकांना तो परत हवाय. पोतं भरून पत्रं आलीत. कालीपाला विचार.”

“मला मध्ये ओढू नकोस,” मी म्हटलं. “लोकांना पुस्तक हवंय, दादा. पोरगं तिचं गेलंय.”

“गेलं कशावरून?” तो ओरडला. “कुणी पाहिलं?”

हाताचं पीठ झाडत वहिनी बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. सोळावा भाग येईल, कॅप्टन नदीतून वर येईल, आणि ही बाई नाव गिळत गिळतच एक दिवस मरून जाईल.

त्याच आठवड्यात तिलेकनं आपला पराक्रम केला. आमच्या वर्तमानपत्रांत शेवटच्या पानावर काळ्या चौकटी असतात: अमुक कचेरी, अमुक शाळा, तमुक यांच्या दुःखात सहभागी आहे. या शहाण्यानं अगदी तशीच एक चौकट खऱ्या चौकटींच्या रांगेत छापून दिली. ‘लेखक शेरगाझी अगाय यांचे चिरंजीव, कॅप्टन एर्मेक, यांचे कर्तव्य बजावताना नदीत बुडून अकाली निधन झाले. संपादक मंडळ अगायांच्या दुःखात सहभागी आहे.’ राजधानीत ते वाचून लोक हसले असतील. चहाच्या दुकानात एकमेकांना दाखवलंही असेल.

पण ती चौकट दूरच्या अत-बाशी गावालाही पोचली. दादानं लग्नाआधी चार वर्षं तिथल्या शाळेत शिकवलं होतं. त्याचे तिथले विद्यार्थी आता साठीचे. मेंढरांमागं फिरणारी माणसं, रहस्यकथा कशाला वाचतात? ते वर्तमानपत्र मागून उघडतात, आधी कोण गेलं ते पाहतात. आणि आपल्या अगायचा मुलगा गेला म्हटल्यावर खरं-खोटं विचारत कोण बसतो? उशिरा पोचलेला माणूस जन्मभर तोंड दाखवू शकत नाही.

आम्ही सकाळचा चहा घेत होतो. फाटकाशी दोन गाड्या थांबल्या आणि पाठोपाठ तो आवाज आला. ज्यानं एकदा ऐकला त्याला तो ओळखावा लागत नाही. दहा-बारा पुरुष छातीतून ओरडत, धडपडत घराकडे धावत येत होते. “बाळा रे! माझ्या काळजाच्या तुकड्या रे!”

दादानं पेला खाली ठेवला. “कालीपा, कोण गेलं?”

“मला काय माहीत? शेजारी असेल.”

तो बाहेर गेला. त्यातला सगळ्यात म्हातारा, बेयशेन त्याचं नाव, दादाच्या गळ्यात पडला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

“अगाय, तुमचा एर्मेक हो! एवढं झालं आणि आम्हाला एक निरोप नाही? आम्ही काय परके होतो?”

दादाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यानं बेयशेनच्या कोटाच्या बाह्या घट्ट धरल्या आणि विचारलं,

“सापडला?”

एवढंच. पंधरा वर्षं ‘कुणी पाहिलं, कुणी पाहिलं’ म्हणून आमची तोंडं बंद करणारा माझा भाऊ, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द हा निघाला. मी दारात उभी होते. मला तेव्हा कळलं की याला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बेयशेन गोंधळला. त्यानं खिशातून वर्तमानपत्र काढलं. दादाच्या हातातून मी ते ओढून घेतलं आणि वाचलं. संपादक मंडळ. कॅप्टन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं, की अरे बाबांनो, फसलात तुम्ही, ही त्या टवाळखोरांची थट्टा आहे, पुस्तकातला माणूस मेलाय.

त्याच क्षणी घरातून आवाज आला.

वहिनी आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोक्यावरचा रुमाल काढून टाकला होता, पांढरे केस मोकळे होते. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं फक्त एवढंच ऐकलं होतं, की अंगणात माणसं तिच्या मुलाचं नाव घेऊन रडताहेत.

*डावा जोडा झिजायचा तुझा, उजवा कोरा, बाळा रे,*
*पाय ओढत चालायचास, मीच रागवायचे रे.*
*कोपरात फाटला स्वेटर, म्हटलं रफू करते रे,*
*सुईत दोरा ओवेपर्यंत गाडी निघून गेली रे.*
*एर्मेक माझ्या, एर्मेक रे, पाणी गार असेल रे.*

नाव तिनं गिळलं नाही. दोनदा घेतलं.

पंधरा पुस्तकांत दादानं यातलं काही लिहिलं नव्हतं. त्याचा कॅप्टन ताठ चालायचा. पाय ओढत चालणारं, कोपरात स्वेटर फाटलेलं आमचं पोरगं एवढ्या हजारो वाचकांतल्या एकालाही माहीत नव्हतं. मी वर्तमानपत्राची घडी घालून खिशात सारली आणि वहिनीशेजारी जाऊन बसले. मलाही रडायचं होतं. माझाही भाचा होता तो.

नंतर जे झालं ते कुणी ठरवलं नाही. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना एर्मेकचं खरं काय ते माहीत होतं. पंधरा वर्षं सगळे वाटच पाहत होते म्हणा ना. कुणी नमदे आणले, कुणी तंबूच्या पट्ट्या. शेजारणींनी माझ्या चुलीवर कढई चढवली, बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळले जाऊ लागले, तेलाचा वास अंगणभर झाला. अत-बाशीवाल्यांनी आणलेली मेंढी कापली. दुपारपर्यंत तंबू उभा होता.

शेजारच्या सुताराचा बाप तंबूवर फडकं लावायला शिडी घेऊन आला आणि अडला. तरुण गेला तर लाल लावतात, पोक्त माणसाला काळं.

“पेपरात कॅप्टन म्हटलंय,” तो हळूच म्हणाला. “कॅप्टन म्हणजे पस्तिशीचा तरी असेल. काळं लावू?”

“लाल,” वहिनी तंबूच्या आतून म्हणाली.

दादा एवढा वेळ लाकडांच्या ढिगाजवळ उभा होता. बाहेर काठी टेकून उभं राहण्याची बापाची जागा रिकामी होती. लोक येत होते, त्याला मिठी मारत होते, आणि तो कुणाच्याच मिठीत वाकत नव्हता. त्यानं मान वर करून ते लाल फडकं पाहिलं आणि पुन्हा खाली पाहू लागला.

चारच्या सुमाराला तिलेक आला. साप्ताहिकाला कुणीतरी फोन केला असावा. गाडीतून उतरला तेव्हा पोरगं पार उतरलेलं होतं. एवढी धारदार लेखणी, आणि फाटकातून आत यायला धजेना. मी त्याला फाटकाशीच गाठलं.

“आलास? ये. बघून घे तुझा विनोद.”

“मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. वाटेत ड्रायव्हरनं सांगितलं, की अगायना खरोखरच एर्मेक नावाचा मुलगा...”

“माहीत नव्हतं तर गप्प बसता येत होतं. हात धू, तंबूसमोर रड, मग बोल.”

तो रडला. खोटं रडला नाही, हे सांगायला हवं. मग कागद घेऊन दादासमोर जाऊन उभा राहिला.

“अगाय, पुढच्याच अंकात पहिल्या पानावर खुलासा छापतो. माफीही मागतो. लिहून आणलंय. ‘ती बातमी कादंबरीतल्या पात्राविषयी होती. अगायांच्या चिरंजीवांचं निधन झालेलं नाही...’ ”

तो थांबला. तंबूतलं गाणंही त्याच वेळी थांबलं. आत बायका ऐकत होत्या, मीही दाराशी वहिनीजवळ येऊन बसले होते. मला वहिनीचा श्वास ऐकू येत होता. दादा ‘हो’ म्हणाला असता तर तंबू उतरला असता. खुलासा छापून आल्यावर कुणाचा तंबू?

दादानं कागद घेतला. चष्मा लावला. मास्तर वही तपासतो तसा वाचला. मग तिलेकच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सगळ्या ओळींवर एक काट मारली.

“बातमी बरोबर आहे,” तो म्हणाला. “एक चूक आहे, तेवढी दुरुस्त कर. कॅप्टन नव्हता तो. लाकूडतोड्या होता. एकोणीस वर्षांचा.”

आत कुणीतरी हुंदका दिला. ती मी होते की वहिनी, आठवत नाही.

बेयशेननं दादाच्या कमरेला पट्टा बांधला, हातात काठी दिली आणि त्याला तंबूच्या दाराशी आणून उभं केलं. पहिल्यांदा दादाचा आवाज फुटलाच नाही. तोंड उघडलं, मिटलं. मग तो काठीवर वाकला आणि ओरडला. एवढी वर्षं साठलेलं कसं बाहेर येतं ते मी ऐकलं, आणि पुन्हा ऐकायची माझी छाती नाही.

सोळावा भाग आला नाही. पोतं भरून पत्रं आली, अजून येतात. मी फोडते, वाचते, डब्यात ठेवते. प्रकाशकानं फोन करणं सोडून दिलं. चाळिसावा दिवस झाला, हिवाळा गेला. आता वर्षाचं जेवण आहे, वहिनीनं मला बाजारातून रुमाल आणायला सांगितलाय. रंग सांगितला नाही. मी निळा आणणार आहे.

चाळिसाव्यानंतर दादानं एकाच पत्राला स्वतः उत्तर लिहिलं. कोटाच्या खिशातून तो वहीचा कागद काढला, पत्ता उतरवला, आणि पोस्टकार्ड मला टाकायला दिलं. मी ते वाचलं, सवयच आहे माझी. तालासच्या म्हातारीला त्यानं लिहिलं होतं:

‘मुलगा चांगला होता.’